क्षयाचे निदान आणि जगण्याचा अंदाज : रुग्णालयापासून गोठ्यापर्यंत

क्षयरोगाच्या संशोधनाला दोन प्रश्नांनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेवले आहे. या शरीरात क्षयाचा जंतू आहे का, हा पहिला. असेल तर हे शरीर तगेल का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला निदान म्हणतात, दुसऱ्याला रोगाचे भाकीत. वरवर पाहता पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे आपोआप मिळावे. तसे होत नाही. क्षयाचा जंतू वर्षानुवर्षे गप्प बसू शकतो. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना त्याची लागण झालेली आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी ५ ते १० टक्केच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात.

तरीही हे थोडे टक्के फार मोठे ठरतात. संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि साडेबारा लाख दगावले. रुग्णांपैकी २६ टक्के भारतातले होते. हाच जंतुसमूह गाईम्हशींनाही ग्रासतो आणि त्यांच्याकडून माणसांकडेही येतो. माणसांचे डॉक्टर आणि पशुवैद्यक यांनी या रोगाचा पाठलाग करताना एकमेकांची साधने वारंवार उचलली आहेत. या संशोधनाची आजची स्थिती काय, मतभेद कुठे आहेत आणि काय सुटायचे राहिले आहे, याचा हा आढावा.

ट्युबरक्युलिन : फसलेले औषध, टिकलेली चाचणी

रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. १८९० मध्ये त्याने त्या जंतूंपासून तयार केलेला ट्युबरक्युलिन नावाचा अर्क औषध म्हणून पुढे आणला. औषध म्हणून तो फसला. मात्र बाधित शरीरात तो टोचला की तीव्र प्रतिक्रिया उमटते, हे लक्षात आले आणि याचा पहिला मोठा उपयोग पशुवैद्यकांनी केला. बाहेरून धडधाकट दिसणारी, पण आतून बाधित असलेली गाय ओळखण्याचा मार्ग त्यांना मिळाला.

डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांनी १८९० च्या दशकात या चाचणीवर एक पद्धत उभी केली. प्रतिक्रिया देणाऱ्या गाई कळपातून वेगळ्या ठेवायच्या, त्यांची वासरे जन्मताच बाजूला काढून तापवलेल्या दुधावर वाढवायची आणि हळूहळू निरोगी कळप तयार करायचा. या पद्धतीत सरसकट कत्तलीची गरज नव्हती. माणसांत हीच प्रतिक्रिया वापरण्याचा मार्ग पिर्के यांनी १९०७ मध्ये आणि मांटू यांनी १९०८ मध्ये दाखवला. मांटू चाचणी आजही दवाखान्यांत होते.

गुरांचा क्षय माणसाला होतो का, यावर मात्र दीर्घ वाद झाला. थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ मध्ये माणसांतला आणि गुरांतला जंतू वेगळे असल्याचे दाखवले होते. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत कॉखने गुरांच्या जंतूपासून माणसाला फारसा धोका नाही, असे मत मांडले. ते तपासण्यासाठी ब्रिटनने शाही आयोग नेमला. दहा वर्षांच्या कामानंतर १९११ च्या अंतिम अहवालात आयोगाने निष्कर्ष दिला की धोका खरा आहे आणि मुलांना तो प्रामुख्याने दुधातून होतो. दुधाच्या पाश्चरीकरणामागचा शास्त्रीय आधार त्यामुळे भक्कम झाला.

गोठ्यातून दवाखान्यात

ज्ञानाचा प्रवास उलट दिशेनेही झाला. कॅल्मेट आणि गेराँ यांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे गुरांच्या क्षयाचा जंतू २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवून निष्प्रभ केला. त्यातून बीसीजी लस जन्मली. आपल्या बाळांच्या दंडावर उमटणारा व्रण मुळात गुरांच्या जंतूची देणगी आहे.

रक्तातली इंटरफेरॉन गॅमा चाचणीही अशीच आली. ऑस्ट्रेलियात गुरांमधून क्षय हद्दपार करण्याची मोहीम १९७० मध्ये सुरू झाली होती. त्वचेवरच्या चाचणीत प्रत्येक जनावर दोनदा पकडावे लागते, एकदा टोचायला आणि ७२ तासांनी सूज मोजायला. मोकळ्या रानात चरणाऱ्या कळपांत हे अवघड जाते. म्हणून तिथल्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रक्ताच्या नमुन्यातच प्रतिपिंडाऐवजी पेशींचा प्रतिसाद मोजण्याची पद्धत बसवली. ऑस्ट्रेलियाने १९९७ मध्ये स्वतःला या रोगापासून मुक्त घोषित केले आणि तीच पद्धत पुढे माणसांसाठी क्वांटिफेरॉन या नावाने आली.

या सगळ्या चाचण्यांची मर्यादा सारखीच आहे. त्या जंतूची शरीराला असलेली ओळख दाखवतात, रोग दाखवत नाहीत. रोग फार बळावला, शरीर खंगले, एचआयव्हीने प्रतिकारशक्ती ढासळली की ही प्रतिक्रिया मावळते. माणसांत मांटू नकारात्मक येते आणि गोठ्यातली सर्वांत आजारी गाय चाचणीतून सुटते. ज्याला धोका सर्वाधिक, त्यालाच चाचणी चुकण्याची शक्यता अधिक. निदान आणि भाकीत यांच्यातली फट इथे पहिल्यांदा दिसते.

बीसीजी घेतलेल्यांत आणि वातावरणातल्या इतर मायकोबॅक्टेरियांशी, म्हणजे क्षयजंतूच्या कुळातल्या जंतूंशी, संपर्क आलेल्यांत खोटा होकार येतो, ही दुसरी अडचण. तिच्यावरचा तोडगा जंतूच्या जनुकांत सापडला. बीसीजी घडताना तिच्यातून जनुकांचा एक तुकडा गळून गेला आहे. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने त्या तुकड्यावर आहेत. केवळ ही प्रथिने वापरून चाचणी केली की बीसीजीचा गोंधळ टळतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सायटीबी ही त्वचाचाचणी याच तत्त्वावर आहे आणि अशा चाचण्यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्यता दिली. गुरांसाठीही ही दोन प्रथिने आणि आणखी एक प्रतिजन यांचे मिश्रण वापरून चाचणी तयार झाली असून तिचा अभ्यास ब्रिटन, इथिओपिया आणि भारतात झाला आहे.

जंतूचा थेट शोध आणि त्यातले कोडे

आजारी माणसात जंतू थेट शोधण्याची पद्धत शंभर वर्षे थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीवर चालली. ती स्वस्त आहे, पण थुंकीत जंतू कमी असले की चुकते. मधल्या काळात रक्तातली प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचण्या खासगी प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाऊ लागल्या. त्यांचे निकाल विश्वासार्ह नाहीत, असे पुरावे साचल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांच्या विरोधात शिफारस केली आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली.

२०१० मध्ये जीनएक्सपर्ट ही जनुकीय चाचणी आली. साधारण दोन तासांत जंतू आणि रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला त्याचा होणारा विरोध दोन्ही कळू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू न दिसलेल्या, पण प्रयोगशाळेत तो वाढवता आलेल्या रुग्णांपैकी एकाच चाचणीत सुमारे ७२ टक्के रुग्ण सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासात पकडले गेले. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेता येते. २०२० मध्ये त्यालाही संघटनेची मान्यता मिळाली. छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या संगणक प्रणालींना २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्यता मिळाली. त्यासाठी तपासलेल्या प्रणालींत मुंबईच्या क्युअर डॉट एआयची प्रणालीही होती.

एवढी प्रगती झाल्यावर मृत्यू कमी व्हायला हवे होते. आफ्रिकेत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मात्र तसे दिसले नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीबी-नीट चाचणीत जीनएक्सपर्टमुळे रुग्णांचे आजारपण लक्षणीय घटले नाही आणि २०१५ च्या दक्षिण आफ्रिकेतील एक्सटेंड चाचणीत सहा महिन्यांतल्या मृत्यूंत स्पष्ट फरक आला नाही. याचे दोन अर्थ लावले जातात. एका मते डॉक्टर पूर्वीही लक्षणे पाहून उपचार सुरू करतच होते, त्यामुळे चाचणीने फक्त खात्री वाढवली. दुसऱ्या मते दोष चाचणीत नसून पुढच्या साखळीत आहे. निकाल रुग्णापर्यंत न पोहोचणे, उपचार उशिरा सुरू होणे, औषधे मध्येच सुटणे, यांत वाचलेले दिवस वाया जातात. दोन्ही मतांना आधार आहे. त्यांचा मिलाफ इतकाच की चाचणीची अचूकता आणि तिने वाचवलेले जीव ही वेगवेगळी मोजमापे आहेत.

मुंबईत हा प्रश्न आणखी तीव्र आहे. हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना विरोध करणाऱ्या क्षयाच्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ती २०१२ च्या सुरुवातीला जगभर गाजली. रिफाम्पिसिनविषयी झटपट उत्तर देणारी चाचणी अशा रुग्णाला पुरत नाही. कोणते औषध चालेल, हे सांगणारी जनुकीय तपासणी वेळेवर होणे हाच तिथे जगण्यामरण्याचा फरक ठरतो.

कोण आजारी पडेल?

लागण झालेल्या कोट्यवधींपैकी नेमके कोण आजारी पडणार, हे आधीच ओळखता आले तर प्रतिबंधक औषधे त्यांनाच देता येतील. २०१० मध्ये रक्तातल्या जनुकांच्या हालचालींवरून सक्रिय क्षयाची खूण सापडल्याचे प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किशोरवयीनांच्या अभ्यासातून १६ जनुकांची एक खूण पुढे आली. रोग उमटण्याआधीच्या वर्षभरात ती सुमारे ६६ टक्के भावी रुग्ण ओळखू शकत होती. संशोधकांना ही मोठी आशा वाटली.

याच खुणेची ११ जनुकांवर आलेली आवृत्ती वापरून पुढे प्रत्यक्ष उपचाराची चाचणी घेण्यात आली. २०२१ मध्ये आलेल्या निकालानुसार खूण असलेल्या लोकांना धोका खरोखर जास्त होता, पण त्यांना आठवड्यातून एकदा अशी बारा आठवडे प्रतिबंधक औषधे देऊनही रोग कमी झाला नाही. समर्थकांचे म्हणणे असे की खूण उमटेपर्यंत रोग आत सुरू झालेला असतो, म्हणून त्या टप्प्याला प्रतिबंधक नव्हे, पूर्ण उपचार हवा. टीकाकारांच्या मते महागड्या जनुकीय खुणेपेक्षा वय, एचआयव्ही, रुग्णाशी जवळचा सहवास आणि इंटरफेरॉन चाचणी यांचा एकत्रित हिशेब पुरेसा ठरू शकतो. हा वाद मिटलेला नाही.

कोण जगेल?

उपचार नसताना क्षयाचे काय होते, याचे एक अत्यंत महत्त्वाचे उत्तर भारतातून आले. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६० च्या दशकात आसपासच्या ग्रामीण भागातील रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतला. सुमारे ४९ टक्के मरण पावले, ३२ टक्क्यांच्या थुंकीतला जंतू नाहीसा झाला आणि उरलेल्या १८ टक्क्यांत तो तसाच राहिला. थुंकीत जंतू दिसणाऱ्या, पण उपचार न मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के दहा वर्षांत दगावतात, असा अंदाज जुन्या नोंदींच्या एकत्रित अभ्यासातून निघतो. औषधांनी हे चित्र पालटले. तरी उपचार सुरू असताना, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, होणारे मृत्यू आजही थांबलेले नाहीत.

हे मृत्यू ओळखण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली जैवखुणांची. एचआयव्हीबाधित रुग्णांच्या लघवीत जंतूच्या भिंतीतील लॅम हा घटक सापडला, तर क्षय आहे हे कळते आणि रोग शरीरभर पसरल्याचेही सूचित होते. एकाच पट्टीत निदान आणि भाकीत दोन्ही मिळण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. रुग्णालयात दाखल असलेल्यांत या चाचणीने मृत्यू घटल्याचे २०१६ च्या अभ्यासात दिसले. २०१८ च्या मलावी आणि दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या चाचणीत एकूण फरक स्पष्ट नव्हता, पण प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या आणि तीव्र पंडुरोग असलेल्या रुग्णांत तो दिसला.

दुसरी वाट साध्या मोजमापांची. तमिळनाडूने २०२२ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात निदान होताच प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या पाच गोष्टी पाहिल्या जातात : उंचीच्या मानाने वजन, पायांवरची सूज, श्वासाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन आणि आधाराशिवाय उभे राहता येते की नाही. धोका दिसला की रुग्णाला लगेच रुग्णालयात दाखल करतात. काही जिल्ह्यांत सुरुवातीचे मृत्यू घटल्याचे अहवाल आले आहेत. मात्र ही यादृच्छिक चाचणी नव्हती, त्यामुळे घट किती प्रमाणात या पद्धतीमुळे झाली हे ठामपणे सांगता येत नाही.

वजनाच्या प्रश्नावर भारतातच दोन पुरावे समोरासमोर उभे आहेत. मद्रासच्या क्षयोपचार केंद्रात १९५६ ते १९५९ दरम्यान झालेल्या अभ्यासात घरी राहून औषधे घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे झाले. त्यांचा आहार निकृष्ट होता आणि वजनही कमी वाढले होते. यावरून औषध मिळाले की आहाराचे महत्त्व दुय्यम, अशी समजूत रुजली. झारखंडमधील रेशन्स चाचणीने २०२३ मध्ये वेगळे चित्र दाखवले. रुग्णांच्या घरच्यांना अन्नाचा शिधा दिल्यावर त्यांच्यात नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी वाढलेल्या रुग्णांचा मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. दोन्ही अभ्यासांचे प्रश्न वेगळे होते. मद्रासचा प्रश्न होता जंतू नाहीसा होतो का, झारखंडमध्ये पाहिले गेले ते कोणाला रोग होतो आणि कोण मरतो. वजन वाढणे हे बरे होण्याचे कारण की लक्षण, हे मात्र निरीक्षणातून पुरेसे ठरत नाही. क्षयरुग्णांसाठीच्या निक्षय पोषण योजनेतील मासिक मदत २०२४ मध्ये ५०० वरून १,००० रुपये झाली, त्यामागे हाच पुराव्याचा प्रवाह आहे.

गुरांचे जगणे : निकालानंतरचा निर्णय

माणसात निदानानंतर उपचार येतो. गुरांत बहुतेक श्रीमंत देशांत निदानानंतर कत्तल येते. तिथे गाय किती जगेल याचे उत्तर रोगापेक्षा चाचणी आणि कायदा देतात. ब्रिटनमध्ये मानेवर गुरांचा आणि पक्ष्यांचा ट्युबरक्युलिन शेजारी शेजारी टोचून सुजेची तुलना करतात. निरोगी गुरांत खोटा होकार साधारण ५,००० मध्ये एक इतका दुर्मीळ आहे, पण बाधित गुरांपैकी एका फेरीत ५० ते ८० टक्केच पकडली जातात, असे अंदाज आहेत. चाचणी कडक करावी तर निरोगी गुरे मारली जातात, सैल ठेवावी तर रोग कळपात राहतो.

यातून तीन भूमिका पुढे आल्या. पहिली, तपासा आणि मारा ही पद्धतच चालू ठेवा, कारण ऑस्ट्रेलियासारखे देश त्याच मार्गाने मुक्त झाले. दुसरी, प्रतिकारक्षम वंश निवडा. ब्रिटनमध्ये २०१६ पासून वळूंचा क्षयप्रतिकार दाखवणारा जनुकीय निर्देशांक पैदाशीसाठी उपलब्ध आहे. तिसरी, गुरांनाही बीसीजी द्या. २०२४ मध्ये इथिओपियातील अभ्यासात लस दिलेल्या कळपात संसर्ग पसरणे मोठ्या प्रमाणात घटले, लसीची एकूण परिणामकारकता ८९ टक्के आढळली. लस दिलेली गाय आणि बाधित गाय वेगळी ओळखणारी चाचणी हाताशी असणे ही या मार्गाची पूर्वअट आहे.

भारतासाठी पहिली भूमिका व्यवहार्य नाही, याबद्दल फारसे दुमत नाही. देशात २०१९ च्या पशुगणनेनुसार गाई आणि म्हशी मिळून सुमारे ३० कोटी आहेत, बहुतेक एकदोन जनावरांच्या घरगुती गोठ्यांत. महाराष्ट्रात २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर गोवंशाची कत्तल बंद आहे, इतर अनेक राज्यांतही बंदी आहे. बाधित गाय गोठ्यातच राहते किंवा पांजरपोळात जाते. म्हणून इथे बँग यांच्या विलगीकरणाच्या पद्धतीला नवे महत्त्व येते, आणि लसीलाही. बाधित जनावरांपैकी कोणते पुढे जंतू पसरवेल हे सांगता आले, तर मोजक्याच जनावरांना वेगळे ठेवणे पुरेल. तशी खात्रीची खूण मात्र अजून हाती नाही.

गोठ्यातून घरात किती?

२०१८ च्या एका एकत्रित अभ्यासाने भारतातील गुरांत बाधेचे प्रमाण ७.३ टक्के आणि बाधित गुरांची संख्या सुमारे २ कोटी १८ लाख असल्याचा अंदाज दिला. जागतिक पातळीवर २०१६ मध्ये गुरांच्या जंतूमुळे माणसांत १ लाख ४७ हजार नवे रुग्ण आणि १२,५०० मृत्यू झाल्याचा अंदाज २०१७ च्या आंतरराष्ट्रीय आराखड्यात मांडला गेला. पण वेल्लोरच्या रुग्णालयातील ९४० नमुन्यांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत मायकोबॅक्टेरियम बोव्हिस हा गुरांच्या क्षयाचा जंतू नैसर्गिक रूपात सापडलाच नाही. त्याऐवजी काही नमुन्यांत मायकोबॅक्टेरियम ओरिजिस हा त्याचा जवळचा नातेवाईक सापडला. दक्षिण आशियात गुरांकडून येणाऱ्या क्षयाची व्याख्याच रुंद करायला हवी, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

सध्याच्या झटपट चाचण्या जंतुसमूह ओळखतात, त्यातला नेमका जंतू सांगत नाहीत. बोव्हिसला पायराझिनामाइड हे प्रमुख औषध मुळातच लागू पडत नाही. त्यामुळे हा फरक केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही, उपचाराचा आहे. दूध उकळून पिण्याची आपली सवय मोठे संरक्षण देते, पण कच्चे दूध, गोठ्यातला रोजचा सहवास आणि कत्तलखान्यातले काम हे मार्ग उरतातच. जंतू माणसाकडून गुरांकडेही जातो. म्हणून माणसांची आणि गुरांची तपासणी वेगळ्या खात्यांत, वेगळ्या नोंदवह्यांत राहिली तर चित्र अर्धेच दिसेल.

काय सुटलेले नाही

चार प्रश्न पुढच्या दशकासमोर आहेत. लागणीपासून रोगापर्यंतचा प्रवास आधी ओळखणारी आणि त्यानुसार उपचार बदलता येईल अशी खूण अजून मिळालेली नाही. मृत्यूच्या धोक्याची साधी मोजमापे खरोखर जीव वाचवतात का, हे तुलनात्मक चाचण्यांतून सिद्ध व्हायचे आहे. आहाराचा परिणाम कोणत्या रुग्णांत किती, हे स्पष्ट व्हायचे आहे. आणि कत्तलीशिवाय गुरांतला क्षय कमी करण्याचा भारतीय मार्ग, मग तो लसीचा असो वा विलगीकरणाचा, मोठ्या प्रमाणावर तपासायचा आहे.

या चारही प्रश्नांच्या मुळाशी एक समान धडा आहे, आणि तो दवाखान्याइतकाच गोठ्यालाही लागू आहे. चाचणीचे मोल तिच्यानंतर घेता येणाऱ्या निर्णयावर ठरते. धोका कळूनही दाखल करायला खाट नसेल, घरात शिधा नसेल, बाधित गाईसाठी वेगळा गोठा नसेल, तर अचूक निदान कागदावरच राहते. म्हणून यापुढच्या प्रत्येक नव्या चाचणीच्या अभ्यासात संवेदनशीलतेच्या टक्केवारीबरोबर किती रुग्ण वाचले आणि किती जनावरे वाचली, हे मोजणे बंधनकारक असावे. हे आकडे मिळेपर्यंत क्षयाच्या निदानातली प्रगती खरी असली, तरी तिचा पूर्ण हिशेब झालेला नसेल.